सोडल्याची वही

शिष्यत्वाच्या वर्गात दर रविवारी दुपारी आठ वह्या जमा व्हायच्या आणि बाजारात चष्म्यांचं दुकान असलेला चष्मेवाला त्या घरी नेऊन लाल पेनाने तपासायचा. चर्चमागच्या खोलीत वीस वर्षं तो हा वर्ग घेत होता. आठवडाभरात प्रभूसाठी काय सोडलं ते वहीत एका ओळीत लिहायचं, हा नियम त्याचाच. "जे सोडताना दुखत नाही ते सोडणं नव्हे," असं तो पहिल्याच धड्याला बजावून सांगायचा आणि मग निवांतपणे दोन चमचे साखरेचा चहा प्यायचा. स्वतःची वही त्याने कधी ठेवली नाही. मास्तरांची वही तपासणार कोण?

लोकही सोडायचे ते बेताबेतानेच. गवंडी तंबाखू सोडायचा, तीच तंबाखू, दर वर्षी नव्याने. टायपिस्टबाई टीव्हीवरची मालिका सोडायची, पण फक्त सोमवारची. मंगळवारी सकाळी तोच भाग पुन्हा लागतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. चष्मेवाला सगळ्यांना "छान" असा शेरा द्यायचा.

त्या वर्षी वर्गात एक इस्त्रीवाली होती. हॉस्पिटलच्या धुलाईघरात दिवसभर चादरींवर इस्त्री फिरवणारी, पस्तिशीची, चर्चजवळच एका भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी. दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. ती कमी बोलायची आणि सगळं लिहून घ्यायची. अशी विद्यार्थिनी मिळाली की शिकवणाऱ्याची छाती फुगते. चष्मेवाल्याचीही फुगली.

आवडतं तेच सोडायचं, हा सहावा धडा झाला आणि पंधरा दिवसांत तिचे वडील वारले. ते आजारी असताना ती भेटायला गेली नाही, मातीलाही गेली नाही, ही बातमी चर्चमध्ये पसरली. लोकांनी आधी भुवया उंचावल्या. मग पाद्रीबाबांनी व्यासपीठावरून सांगितलं की याला म्हणतात मागे वळून न पाहणं, आणि येत्या रविवारी संध्याकाळी ही भगिनी सगळ्यांसमोर उभी राहून आपल्या श्रद्धेची साक्ष देईल. झालं, भुवया खाली आल्या आणि माना डोलू लागल्या. बाहेर पडताना चारचौघांनी चष्मेवाल्याचा हात हातात घेतला. "तुमच्या वर्गाचं फळ," म्हणाले. त्यानेही हात सोडवून घेतला नाही.

शुक्रवारी दुपारी चष्मेवाल्याच्या दुकानात तिचा भाऊ आला. त्याने खिशातून एक चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"वडिलांचा आहे. फ्रेम चांगली आहे, फेकवत नाही. आईच्या नंबरच्या काचा बसवून द्या. हा तिचा कागद."

चष्मेवाल्याने चष्मा उचलला. त्यानेच बनवलेला होता. उजवी दांडी पार वाकलेली होती.

"ही कशी वाकली?"

"झोपून." भाऊ दुकानातल्या आरशाकडे बघत बोलत होता. "शेवटचे सहा दिवस उजव्या कुशीवरच होते. दार त्या बाजूला. चष्मा काढू द्यायचे नाहीत. पोर आली तर दिसायला हवी, म्हणायचे. ती दोन बसथांब्यांवर राहते, काका. चालत वीस मिनिटं."

"तिची श्रद्धा..." चष्मेवाला बोलू लागला.

"माती झाल्यावर मी तिच्या खोलीवर गेलो. म्हटलं, आज हिला सोलून काढतो. तिने शांतपणे तुमची ती वही पुढे केली. लिहिलं होतं, 'वडील.' आणि खाली तुमच्या लाल अक्षरात 'छान.'" आता त्याने चष्मेवाल्याकडे पाहिलं. "चष्मा मंगळवारी न्यायला येईन. आमच्या घराकडे मात्र फिरकू नका."

तो गेल्यावर चष्मेवाला स्टुलावर बसला. तो दिवस त्याला आठवला. रेडिओवर सामना रंगात आला होता, मांडीवर वह्या होत्या, आणि त्याने आठ वेळा "छान" लिहिलं होतं. एकाही वहीतला शब्द वाचला नव्हता. त्याला स्वतःची शिसारी आली. चाकावर काचा घासायला घेतल्या तर पहिली काच हातातच तडकली. दुसरी जोडी बसली. दांडी गरम करून सरळ करणं दोन मिनिटांचं काम, पण तेवढं त्याच्याने होईना.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "तुम्ही गप्प बसणार," ती म्हणाली, "मला माहीत आहे तुम्हाला." तो रागावला, कारण गप्प बसायचं त्याने जवळजवळ ठरवलंच होतं. त्याची कारणंही तयार होती. माणूस गेला, तो परत येणार नाही. पोरीला निदान एवढं तरी वाटू दे की तिने काही मोठं केलं. सत्य सांगितलं तर तिच्या हातात उरणार काय? कारणं खरीच होती, आणि त्याच्या फार सोयीचीही होती.

रविवारी ती नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी आली आणि खुर्च्या लावू लागली. संध्याकाळच्या साक्षीसाठी तिने पांढरी साडी नेसली होती. साडीला एक सुरकुती नव्हती. टेबलावर चष्मेवाल्याने आणून ठेवलेला चष्मा होता. तो तिने लगेच ओळखला.

"बाबांचा. दांडी वाकडी कशी, सर?"

आता थाप मारता आली असती. पडला असेल, चेपला असेल. चष्मेवाल्याचे ओठ तसे हललेही.

"दाराकडे तोंड करून झोपायचे," तो म्हणाला. "चष्मा घालून. तू येशील म्हणून."

तिने खुर्ची हळूच खाली ठेवली. "सोडायचं तर आवडतं सोडायचं, असं तुम्ही म्हणालात. मला दुसरं काही आवडतच नव्हतं. सहा दिवस मी खिडकीचे गज धरून बसले. वाटलं, चुकतंय. मग वही उघडून तुमचं अक्षर बघायची."

"मी वाचलं नव्हतं."

"काय?"

"तुझी ओळ. वाचलीच नव्हती. सगळ्यांना तेच लिहितो मी."

तिने खुर्चीची पाठ धरली. मग म्हणाली, "मागे तुमची आई आजारी होती तेव्हा दोन रविवार वर्ग बंद होता. मला वाटलं, सर दुबळे पडले. मी तुमच्यासाठी उपास करून प्रार्थना केली होती."

चष्मेवाल्याला कुठे बघावं कळेना.

"मग मी ऐकलं कुणाचं?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही. उत्तराची तिला खरोखर गरज होती. "माझं," एवढंच तो म्हणाला. "प्रभूचं नाही. माझं."

गवंडी आणि टायपिस्टबाई वह्या घेऊन दारात आले. चष्मेवाल्याने त्यांना हात जोडून सांगितलं की आज वर्ग नाही, यापुढेही नाही, आणि पाद्रीबाबांना सांगा साक्षही नाही. इस्त्रीवालीने तोवर चष्मा उचलला होता. ती कुणाशीच न बोलता बाहेर पडली. त्याला चल म्हणाली नाही. तो तिच्या मागे निघाला.

वीस मिनिटं ती पुढे आणि तो दहा पावलं मागे. तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

दार भावाने उघडलं. बहिणीला पाहून त्याने दार पूर्ण उघडलं, मग मागे चष्मेवाला दिसला. "तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"ते 'छान' मी न वाचता लिहिलं होतं," चष्मेवाला म्हणाला. "तुझे वडील त्या दाराकडे बघत राहिले ते माझ्यामुळे. हे सांगायला आलोय."

भावाने मूठ आवळली. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने फक्त तोंड फिरवलं आणि बहिणीला आत घेतलं. दार मात्र तसंच उघडं राहिलं.

"कोण आलंय?" आतून आईने विचारलं. इस्त्रीवाली पलंगापाशी गेली आणि तिने तो वाकड्या दांडीचा चष्मा आईच्या डोळ्यांवर चढवला. नंबर बरोबर बसला होता. म्हातारीने लेकीचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत नीट पाहिला.

"आता आलीस," ती म्हणाली.

आतून इस्त्रीवालीच्या रडण्याचा आवाज आला, सहा दिवस आणि त्यानंतरचे सगळे दिवस दाबून धरलेला. चष्मेवाला उंबऱ्याबाहेर उभा होता. आत ये असं कुणी म्हटलं नाही, जा असंही कुणी म्हटलं नाही. निघून जावंसं त्याला फार वाटत होतं, म्हणून तो गेला नाही.