भाल्याला टेकून निजलेला

मी चित्र आहे, मोठ्या कापडावर रंगवलेलं. सिन्नरच्या मंगल कार्यालयात कधी जेवला असाल, तर माझ्याच खाली बसला असाल. वर पाहिलं नसेल. पानात जिलबी असताना कोण पाहतं?

मला सावळीरामने काढलं. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. कार्यालयाचे मालक खंडेराव यांना मराठ्यांची फौज हवी होती, उधळलेल्या घोड्यांची. सावळीरामने एकच घोडा काढला, तोही लंगडा. बाकी सगळे पायी. चिखलात रुतलेला तोफेचा गाडा, खांदे सोललेले बैल, डोक्यावर जातं घेतलेली बाई. माणसं लढाईपेक्षा चालण्यानेच जास्त मरतात, असं तो म्हणायचा. खंडेरावांनी नाक मुरडलं, पण भिंत भरत होती म्हणून मला ठेवून घ्यायचं कबूल केलं.

फौजेतल्या सगळ्यात पुढच्या भालाइताला चेहरा हवा होता. अठ्ठ्याण्णव साल होतं. सावळीरामचा मुलगा गोरक्ष सैन्यातून सुटीवर आला. नाशिकरोडला उतरून घरी पोचतो न पोचतो, तोच बापाने त्याच्या हाती बांबू देऊन उभा केला. त्याची आई नवसाबाई करवादली, आधी पोराला झोपू तरी द्या म्हणाली. पोरगा उभ्या उभ्याच बांबूला टेकून झोपला. सावळीरामने तसाच काढला.

पुढच्या उन्हाळ्यात गोरक्ष सीमेवर मारला गेला. पेटी आली. उघडू नका, असं सांगितलं होतं. नवसाबाईने चेहरा पाहिला नाही.

मग ती आमंत्रण असो-नसो, लग्नांना येऊ लागली. अक्षता टाकून माझ्यासमोर उभी राहायची. कुणी बोलायला आलं तर हळू म्हणायची, "आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा."

खंडेरावांनी गोरक्षच्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम ठरवला. मनाने माणूस वाईट नव्हता. पण शहीद जवान असा पेंगताना बरा दिसत नाही, लोक म्हणतील पहाऱ्यावर झोपला, असं ते बोलून गेले. सावळीरामला ते लागलं. त्याने ब्रश घेतला, भालाइताचे डोळे उघडले, मान ताठ केली, मिशीला पीळ दिला. मला काही वाटलं नाही.

कार्यक्रमात नवसाबाईच्या हाती हार देऊन तिला पुढे आणलं. ती बराच वेळ पाहत राहिली. मग हार नवऱ्याकडे देत म्हणाली, "कशाला उठवलं त्याला?"

त्यानंतर ती कुठल्याच लग्नाला आली नाही.

आता भिंतीवर फ्लेक्स आहे. मी मागच्या खोलीत, खुर्च्यांच्या थप्पीमागे. ओल लागली आहे. मला बाहेर काढा, पुसा, असं म्हणत नाही. नवसाबाई भेटली तर एवढंच सांगा, की सावळीरामने जुना रंग खरवडला नव्हता, नवा वरून दिला होता. खाली पोरगा अजून झोपलेलाच आहे.