ग्लॉकचा खटका

रविवारची दुपार कलली की लेखिका भावाकडे जाई, आणि ती पोचेपर्यंत जेवणाच्या टेबलावर काठी मांडलेली असे. मुळात तो फरशी पुसायच्या मॉपचा दांडा होता. शस्त्र कसं धरतात ते तिला दाखवता यावं म्हणून दादाने तो करवतीने कापून एचके-४१६ या कार्बाइनच्या, म्हणजे आखूड रायफलीच्या, लांबीचा केला होता, डावा हात जिथे येतो तिथे काळी चिकटपट्टी गुंडाळली होती आणि कापलेल्या टोकावरून पॉलिश कागदही फिरवला होता. "माझा मॉप शहीद झाला," वहिनी म्हणत, "पण पदक काही कोणी दिलं नाही."

दादाची नोकरी अशा एका तुकडीत गेली होती, जिच्याविषयी सरकार बोलत नाही आणि जिच्यातून परतलेली माणसंही बोलत नाहीत. तिथून तो डावा कान घालवून आला. लेखिका नेहमी त्याच्या उजव्या हाताला बसे. समोर उंच खिडकी. तिला पडदा नव्हता. मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत येई आणि टेबलावरचे कागद पांढरे फटक दिसत. समोरच्या इमारतीचा उघडा जिना त्या खिडकीतून पूर्ण दिसतो, म्हणून दादाने पडदा लावू दिला नव्हता. वहिनींनी हौसेने आणलेलं कापड कपाटात घडी घालून पडलं होतं.

ती लष्करी थरारकथा लिहीत असे. मुखपृष्ठावर पुरुषाचं टोपणनाव होतं, त्यामुळे वाचक तिला 'आदरणीय सर' म्हणत आणि तिच्या मिशांविषयी त्यांच्या मनात काही शंका नव्हती. मालिकेच्या नायकाचं सांकेतिक नाव साळिंदर. त्याच्या हातातली शस्त्रं मात्र खरी होती, आणि ती खरी राहतील हे पाहणं दादाचं काम.

हे सुरू झालं एका चुकीतून. पहिल्या पुस्तकात साळिंदर अंधाऱ्या गोदामात शिरताना अंगठ्याने ग्लॉक पिस्तुलाच्या सेफ्टीचा, गोळी अडवून धरणारा खटका सारतो, असं तिने लिहिलं होतं. हस्तलिखित वाचता वाचता दादा हसला. परत आल्यापासून त्या घरात त्याचं हसू प्रथमच ऐकू आलं होतं.

"ग्लॉकला खटका? कुठून बसवून आणलास गं, सायकलच्या दुकानातून?"

मग त्याने समजावलं. या पिस्तुलाला अंगठ्याने सारायचा वेगळा खटका नसतोच. सेफ्टी चापातच असते; बोट टेकवून दाबलं की सुटते, बोट उचललं की लागते. बोलता बोलता त्याचा चहा गार झाला आणि वहिनींनी स्वयंपाकघरातला नळ बंद केला, शब्द नीट ऐकू यावेत म्हणून.

दुसऱ्या पुस्तकात तिने तो खटका जाणूनबुजून लिहिला. तिसऱ्यातही. प्रत्येक हस्तलिखितात कुठल्या तरी आडवळणाच्या वाक्यात एक ग्लॉक आणि त्याला नसलेला खटका दडवलेला असे. दादा तो हुडकून काढी, लाल पेन्सिलीने फुली मारी, आणि त्या फुलीच्या फटीतून आठवडाभर मुका असलेला माणूस बोलू लागे. एमपी-फाइव्ह एसडी या आवाज दाबणाऱ्या बंदुकीच्या नळीला बारीक भोकं असतात, त्यांतून वायू निसटतो, गोळी आवाजाच्या वेगाखाली येते; तरीही सिनेमात दाखवतात तशी ती मुकी नसते, आतला लोखंडाचा खडखडाट राहतोच. बॅरेट ही लांब पल्ल्याची रायफल पहिल्या गोळीबरोबर समोरची धूळ उडवते आणि आपला ठावठिकाणा साऱ्या मुलुखाला सांगते. शस्त्रांविषयी तो असा तपशिलाने बोले. ती कुणावर रोखली होती, हे मात्र त्याने कधी सांगितलं नाही. तिने कधी विचारलं नाही.

आता नववं पुस्तक झालं होतं, आणि ती थकली होती. हा थकवा झोपेने जाणारा नव्हता. प्रत्येक वाक्य ओल्या कपड्यासारखं जड होऊन हाती येई. ते पिळायचं, झटकायचं, वाळत घालायचं, आणि पुन्हा दुसरं. साळिंदर दारं फोडत होता, जिने चढत होता, आणि त्याच्या मागोमाग चढताना तिलाच धाप लागत होती. या पुस्तकात त्याला निवृत्त करायचं तिने ठरवलं होतं. प्रकाशक फोनवर म्हणाला होता, "सर, निदान जखमी ठेवा. जखमी माणूस परत येऊ शकतो." तिला मुद्दाम 'सर' म्हणून चिडवायची त्याची जुनी खोड होती.

त्या रविवारी वहिनींनी तिला दारातूनच स्वयंपाकघरात ओढलं.

"शेवटचं लिहिलंस म्हणे."

"हो. आता रेटवत नाही, वहिनी."

"तुझं खरं आहे गं." वहिनी ओट्यावरून कोरडं फडकं फिरवत राहिल्या, पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं. "पण सोमवार ते शनिवार हे घरात 'हो', 'नको' आणि 'ठेव तिथे' एवढंच बोलतात. रविवारी तू येतेस तेव्हा मला कळतं, की माझ्या नवऱ्याला आवाज आहे. तुझा साळिंदर घरी बसला, की हेही बसले. आणखी एखादं लिही. वाईट लिही, चालेल."

वाईट लिहिण्याची एवढी मोकळी परवानगी तिला आजवर कुणी दिली नव्हती. ती हसली. बाहेर टेबलावर काठीशेजारी हस्तलिखिताचा गठ्ठा होता, आणि दादा खिडकीकडे तोंड करून बसला होता.

"वाचलंस?"

"वाचलं."

तिने पानं चाळली. लाल खुणा होत्या: एके ठिकाणी मॅगझिनमधल्या गोळ्या जास्त झाल्या होत्या, एके ठिकाणी कार्बाइन चुकीच्या खांद्यावर होती. मग ती शेवटच्या प्रकरणावर आली. साळिंदर एका इमारतीचा जिना चढतो. वरून एक माणूस उतरतो, हातात काहीच नसलेला. साळिंदर ग्लॉक रोखतो, क्षणभर त्याच्याकडे पाहतो, अंगठ्याने खटका लावतो आणि पिस्तूल खाली घेतो. यंदाची चूक तिने तिथे ठेवली होती.

त्या ओळीवर फुली नव्हती.

दादाच्या नजरेतून खटका सुटला होता? हाताला सरावलेली गोष्ट हरवली, तर मागे काय उरतं? वय, विस्मरण, डॉक्टर, वहिनी. सगळं एकदम मनात दाटलं. तिने पान त्याच्यासमोर सरकवलं.

"दादा, इथे काही राहिलंय का?"

"नाही."

"नीट बघ ना."

"खटक्याचं म्हणतेस? बघितला." तो खिडकीतून नजर न काढता म्हणाला. "लेखिकाबाई, नऊ पुस्तकं तीच चूक? तू इतकी मठ्ठ नाहीस. तिसऱ्या पुस्तकालाच कळलं होतं मला."

"मग फुल्या का मारत होतास?"

"तू ठेवायचीस म्हणून."

"मग आज?"

 समोरच्या जिन्यावरून एक बाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चढत होती. दर मजल्यावर थांबे, पिशव्या खाली ठेवी, पुन्हा उचली. ती दिसेनाशी होईपर्यंत त्याने पाहिलं.

"राहू दे तो," तो म्हणाला. "खरा नाही, पण राहू दे. सगळं एका बोटावर सोडून दिलेलं असतं गं. अंगठ्याला काही काम असतं, तर तेवढाच वेळ मिळाला असता. बघायला."

"वाचक फाडून खातील मला."

"खाऊ देत. पत्रं सरांनाच येणार आहेत."

तिला हसू आलं नाही. त्यालाही आलं नसावं. कुठला जिना, कोण उतरत होतं, हे प्रश्न तिच्या ओठांशी आले आणि तिने ते तिथेच थांबवले. दादाने काठी उचलली, सवयीने डावा हात चिकटपट्टीवर गेला. तो त्याने काढून घेतला.

"रविवारी तू येणार म्हटलं, की शनिवारपासूनच हातात वजन येतं. मग उतरायला मंगळवार उजाडतो. शस्त्राविषयी बोलायचं म्हणजे ते आधी हातात घ्यावं लागतं. कंटाळलो मी."

वहिनी दारात उभ्या होत्या. कधी आल्या ते कळलं नव्हतं. "मग सांगायचं नाही का हो एवढी वर्षं?"

"हिला पुस्तकाला लागायचं ना."

"आणि ही तुमच्यासाठी लिहीत होती," वहिनी म्हणाल्या आणि खुर्ची ओढून मटकन बसल्या. "धन्य आहात दोघं."

 जे औषध म्हणून तिने इतकी वर्षं घरात आणलं, तेच त्याच्या अंगाला लागत होतं. हे कळूनही तिला रडू आलं नाही, फक्त खांदे सैल झाले.

"पुढच्या रविवारी येऊ ना?" तिने विचारलं.

"ये की. पुस्तक आणू नकोस."

"बोलायचं काय मग?"

"काही सुचलं तर बोलू. नाहीतर बस नुसती. ऊन फार येतं मात्र." तो डोळ्यांवर हात धरून म्हणाला, आणि मग वहिनींकडे वळला. "ते कापड कुठे आहे गं? पडद्याचं?"

 वहिनी उठल्या, कपाट उघडल्याचा आवाज आला. दादाने काठीवरची चिकटपट्टी नखाने सोडवायला घेतली. ती जुनी होती, तुकड्यातुकड्यांनी निघत होती, आणि खालचं लाकूड चिकट, काळपट राहत होतं. पूर्ण निघाली नाहीच. मग तो खुर्चीवर चढला आणि त्याने काठी पडद्याच्या दांड्यासारखी खिडकीच्या चौकटीत आडवी धरून पाहिली. चारेक बोटं कमी पडत होती.

"पुरत नाही रे," खालून लेखिका म्हणाली. "नवा दांडा आणू या."

त्याने काठी एका कडेला भिडवली आणि वहिनींनी कापड तिच्यावर टाकलं. दुसऱ्या कडेच्या उघड्या पट्टीतून जिन्याची एकच पायरी दिसत होती.

"नको," तो म्हणाला. "तेवढी फट असू दे."