आरशात दिसेल तोवर

ग्लेनिसनं डावा इंडिकेटर दिला, वेग उतरवला, पंपाच्या तोंडापर्यंत आली आणि आत न वळता सरळ पुढे निघून गेली.

"च्यायला," शेजारी बसलेला डेस म्हणाला.

"बघितलं मी. मागची वाट बंद करून ठेवलीय मेल्यांनी. आत शिरले असते तर बाहेर कुणी काढली असती, तुझ्या बापानं?"

बोलण्यासारखं डेसकडे तेवढंच होतं. मागच्या हिवाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा त्याचा उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागला आणि सगळे शब्द गेले. राहिला तो हा एकच. शिव्या मेंदूत वेगळ्या कप्प्यात असतात, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. ग्लेनिस तेव्हा म्हणाली होती की माझ्या नवऱ्याचा तो कप्पा पहिल्यापासूनच मोठा आहे. डॉक्टर हसले, मग ती हसली, आणि बाहेर येऊन गाडीत बसून रडली. आता तिला त्या एका शब्दात चहा हवाय, पाठ दुखतेय, ही मालिका बंद कर, हे सगळं ऐकू यायला लागलं होतं. आत्ताच्या शब्दाचा अर्थ होता, डिझेल किती राहिलंय ते बघितलंस का?

बघितलं होतं. काटा अर्ध्याच्या खाली होता, आणि पुढचा पंप नलारबॉरच्या ओसाड माळावरच्या त्या सरळसोट रस्त्यावर फार लांब होता. पण गाडीच्या मागे जोडलेली कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचं अख्खं घर होतं. पलंग, शेगडी, संडास, डेसचे गळ आणि दोघांचे हिवाळ्याचे कपडे. व्हायला गावातलं विटांचं घर विकूनच ती घेतली होती, त्यामुळे आता घर म्हणजे तीच. अशी लांबलचक गाडी सरळ चालवणं ग्लेनिस वर्षभरात शिकली होती. मागे घेणं मात्र तिला येत नव्हतं. म्हणून रोज संध्याकाळी ती टॅबलेटवर पुढच्या पंपांचे आकाशातून काढलेले फोटो मोठे करून बघायची. इथून आत, इथे पंप, इथून वळसा, इथून बाहेर, असं बोट फिरवत. बोट कुठे अडलं नाही तर तो पंप आपला. अडलं तर नाही. या पंपाच्या मागे फोटोत मातीची चांगली रुंद वाट होती. प्रत्यक्षात तिथे कुणीतरी पांढऱ्या दगडांची रांग लावून टाकली होती. आकाशातला फोटो जुना होता. जमिनीवरचं जग त्याला न विचारता बदललं होतं.

मागे घेणं हे डेसचं काम. तो पोलादाच्या कारखान्यात फिटर होता, ती शाळेच्या कँटीनमध्ये सँडविच आणि खिम्याचे पॅटिस विकायची. सुट्टी मिळाली की दोघं तेव्हाची छोटी कॅराव्हॅन जोडून निघायचे. जन्मभर ती डाव्या सीटवर बसली. मुक्कामाची जागा आली की खाली उतरायचं, मागे जाऊन उभं राहायचं आणि हातांनी खुणा करायच्या, एवढंच तिच्याकडे. कॅराव्हॅन पार्कात नवीन जोडपं आलं की बाकीचे खुर्च्या बाहेर काढून बसतात. कारण मागे घेताना नवरा-बायकोचं जे भांडण होतं त्याच्यासारखी फुकट करमणूक नाही. डेस आणि ग्लेनिसनंही लोकांना ती पुष्कळ दिली. "अगं, आरशात दिसशील अशी उभी राहा," तो खिडकीतून ओरडायचा. "तू दिसेनाशी झालीस की मी थांबणार. मग मागे हत्ती असो नाहीतर मोकळं मैदान." हा त्याचा नियम. आरशात माणूस दिसत नसेल तर चाक हलवायचं नाही. ती मात्र हमखास मधमाशी हाकलत, नाहीतर शेजारणीशी बोलत आरशातून बाहेर जायची.

या प्रवासाला निघायच्या आधी ॲडलेडचा मुलगा, ग्रँट, घरी म्हणजे कॅराव्हॅनमध्ये येऊन बसला होता. आवाज न चढवता बोलला. बाबांसाठी नर्सिंग होममध्ये एक खोली मिळतेय, ती त्यानं धरून ठेवली होती. खोली एकट्याची होती.

"आई, तुम्ही दोघं एस्परन्सला जा, समुद्र बघा, मासे धरा. पण एकदा, फक्त एकदा जरी कुठे अडकलीस आणि मला यावं लागलं, तर हा प्रवास शेवटचा. कॅराव्हॅन विकायची आणि बाबा तिकडे."

ती हो म्हणाली होती. पोराचं चुकत होतं असंही नाही, आणि त्याचाच तिला जास्त राग होता. वाद घालायला जागाच ठेवली नव्हती त्यानं. लग्नानंतर ती आणि डेस वेगळ्या छपराखाली झोपले ते फक्त तिच्या बाळंतपणात आणि त्याच्या इस्पितळात. आता उरलेलं आयुष्य तो तिकडे आणि ती भेटीच्या वेळेत फळं घेऊन जाणार, हे तिला नुसतं मनात आणूनही सहन होत नव्हतं.

दुपारी वारा फिरला आणि पश्चिमेकडून थेट तोंडावर यायला लागला. एवढं मोठं घर मागे बांधून समोरच्या वाऱ्यात घुसायचं म्हणजे गाडी डिझेल पिते, नुसतं पीत सुटते. काटा तिच्या डोळ्यांदेखत उतरत होता. तिनं वेग कमी केला, हीटर बंद केला, डेसच्या पायांवर घोंगडी टाकली. दोन्ही बाजूंना गुडघाभर झुडपं आणि राखाडी आभाळ. एक झाड नाही की एक घर नाही.

वाटेतल्या गाड्यांशी बोलायचा रेडिओ खरखरला. मागून तीन डब्यांचा ट्रक येत होता.

"पुढची कॅराव्हॅन, वरात निघालीय का?"

"वरातच आहे. नवरदेव शेजारी बसलाय," ग्लेनिस म्हणाली. "कड देते, काढ पुढे."

तो हसला, "जपून जा मावशी, पुढे वारा आणखी आहे," म्हणाला आणि धडधडत निघून गेला. माईक तिच्या हातातच होता. पुढचा पंप चालू आहे का, आत जायला-यायला जागा आहे का, एवढं विचारायला काय जात होतं? पण विचारलं म्हणजे अडचण कबूल केली. तिनं माईक जागेवर लावला.

थोड्या वेळानं डिझेलचा लाल दिवा लागला. डेसनं आपला डावा हात पुढे करून डॅशबोर्डवर ठेवला, अडलेल्या गाईच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि काढलाच नाही. ती देवाला फारशी मानणारी बाई नव्हती. तरी त्या तासाभरात तिनं त्याला पुष्कळ वचनं दिली.

पुढच्या पंपाचं रोडहाऊस दिसलं तेव्हा तिला भरून आलं. आवार फोटोतल्यासारखंच मोकळं होतं. आत शिरायला रुंद वाट, बाहेर पडायला रुंद वाट. मग जवळ गेल्यावर मधल्या मोठ्या पंपाला गुंडाळलेलं काळं प्लास्टिक दिसलं. ते वाऱ्यात फडफडत होतं.

काउंटरवरच्या बाईचं नाव जोसी. तिच्या मनगटाला प्लास्टर होतं. मोठा पंप बिघडलाय, माणूस गुरुवारी येणार, असं तिनं शांतपणे सांगितलं. डिझेल होतं ते इमारतीच्या बाजूच्या बोळकांडीत. तिथे पलीकडे भिंत आणि गॅसच्या टाक्यांचा पिंजरा. कॅराव्हॅन असेल तर उलटी आत घालावी लागते. तिचा नवरा एरवी घालून द्यायचा, पण तो आज सेदुना गावाला गेला होता.

"संध्याकाळपर्यंत एखादा ट्रकवाला येईल," जोसी म्हणाली. "नाहीतर डबा देते. डब्यानं आण आणि ओत. खेपा होतील, पण होईल."

ग्लेनिसचा जीव भांड्यात पडला. ती गाडीपाशी येऊन डेसला म्हणाली की सुटलो बाबा, डबा मिळतोय. डेस त्या बोळकांडीकडे बघत होता. बराच वेळ बघून तो "च्यायला" म्हणाला, आणि हा नेहमीच्यातला नव्हता. पार्कातला एखादा आगाऊ शेजारी "मी लावून देऊ का गाडी?" म्हणून आला की डेसच्या तोंडून असा निघायचा.

"डेस, उगाच खुळेपणा करू नकोस. बसून राहा."

त्यानं वाकून डावा हात तिच्या बाजूच्या स्टिअरिंगपर्यंत नेला आणि चाकाच्या खालच्या टोकावर दोनदा टकटक केलं. तिला ते माहीत होतं. हात खाली धरायचा. कॅराव्हॅनचं शेपूट जिकडे न्यायचं तिकडे हात न्यायचा. हजार वेळा डाव्या सीटवरून पाहिलं होतं. मग त्यानं दार उघडलं, काठी घेतली आणि उतरला.

तिनं त्याला अडवायला हवं होतं. पण वर्षभर त्याच्या शर्टाची बटणं ती लावत होती, ताटातलं मांस ती कापून देत होती, नर्स त्याच्यादेखत तिलाच विचारत होती की यांना जेवण जातं का. तो पाय ओढत वाऱ्यात मागे चालला होता, आणि पाठमोरा तो तिला कारखान्यातून सुटलेल्या जुन्या डेससारखा दिसला. ती मुकाट्यानं स्टिअरिंगमागे बसली आणि काच खाली केली.

पहिल्यांदा चुकलं. कॅराव्हॅन चाकूच्या पात्यासारखी मिटायला लागली. उजव्या आरशात डेसचा हात पुढे, पुढे म्हणाला. तिनं पुढे घेतली. दुसऱ्यांदा शेपूट पिंजऱ्याकडे निघालं. पुन्हा पुढे. तळव्यांना घाम सुटून चाक निसटत होतं. इथे एक ठोकर बसली की खेळ खलास, ग्रँटला यावंच लागणार, आणि ती एकट्याची खोली. तिनं तळवे मांडीला पुसले. तिसऱ्यांदा तिनं भिंतीकडे बघणं सोडलं, पिंजऱ्याकडे बघणं सोडलं, फक्त आरशातल्या माणसाच्या हाताकडे बघत राहिली. हात तिकडे म्हणाला, ती तिकडे गेली. हात हळू म्हणाला, ती हळू झाली. लांबलचक घर रेषेत आलं आणि आज्ञाधारक पोरासारखं मागे सरकायला लागलं.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. त्याचा एकच हात चालतो. त्या हातात काठी असते.

काठी नव्हती. तो काठीविना उभा होता, वाऱ्यात, त्या एका पायावर, आणि काठीचा हात हवेत होता.

"डेस!" ती ओरडली. वाऱ्यानं ते उलटं तिच्याच तोंडावर आणलं. हात म्हणत होता, ये, ये, अजून ये. आता ती थांबली असती तर त्यानं तिला जन्मात माफ केलं नसतं. पंपाची नळी खिडकीजवळ येत होती. हात म्हणाला, ये. मग हात उघडा झाला, तळवा तिच्याकडे. आणि आरसा रिकामा झाला.

तिनं ब्रेकवर पाय दिला. चाक केसभरही हललं नाही. इंजिन बंद करून ती गाडीच्या कडेनं धावली, तोंडानं काय म्हणत होती तिचं तिला कळत नव्हतं.

तो सिमेंटवर बसला होता. आजारी पाय एकीकडे, कपाळाला धूळ. पँट भिजली होती. काठी भिंतीला टेकवून ठेवलेली होती, नीट, पडू नये अशी. कॅराव्हॅनचं टोक पिंजऱ्यापासून हातभर दूर उभं होतं, भिंतीला समांतर, कुठे ओरखडा नाही. त्याच्या चांगल्या दिवसांतही याहून सरळ लागली नसती.

"लागलं का? कुठे लागलं?"

"च्यायला," तो अगदी हळू म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता, गाडीकडे बघत होता.

जोसी धावत आली. दोघींनी मिळून त्याला उचलायचा प्रयत्न केला. एकीचं मनगट मोडलेलं, दुसरीची कंबर म्हातारी. तो तसूभरही उठला नाही. जोसी घोंगडी आणायला गेली. तेवढ्यात ग्लेनिसच्या खिशातला फोन वाजला. ग्रँट. गाडी कुठे थांबली ते त्याला त्याच्या फोनवर दिसायचं.

"आई, थांबलीस ना? सगळं ठीक आहे?"

ठीक आहे म्हणता आलं असतं. संध्याकाळी ट्रकवाला आला असता, त्यानं डेसला उचलून सीटवर ठेवलं असतं, उद्या एस्परन्सचा रस्ता होताच. पण पुढच्या वेळी? तिनं नवऱ्याच्या भिजलेल्या पँटकडे पाहिलं. सिमेंट गार होतं आणि तो थरथरत होता.

"डिझेल घ्यायला थांबलोय," ती म्हणाली. "जागा फार अडचणीची होती. तुझ्या बाबांनी मागे घेऊन दिली."

"बाबांनी?"

"हो, बाबांनी. एक ओरखडा नाही. हे आधी नीट ऐकून घे." तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणि आता ये रे राजा. त्यांना उचलणं माझ्यानं होत नाही."

ग्रँट निघतो म्हणाला.

फोन खिशात टाकून ती खाली बसली, त्याच्या डाव्या बाजूला, जन्मभर बसली तशी. जोसी घोंगडी देऊन आत गेली. ग्लेनिसनं ती दोघांच्या पायांवर पसरली. वारा गाडीच्या पलीकडून जात होता, इथे आडोसा होता.

डेसचा हात अजून वरच होता. तळवा उघडा, गाडीकडे.

तिनं तो दोन्ही हातांत धरला.

"घे आता खाली," ती म्हणाली. "मी थांबलेय."