बिनपाण्याचे ठोकळे

चिकलठाण्याच्या कारखान्यात सदफ इंजिनिअरला एकच वेड होतं: बॉयलरचा धूर आभाळात सोडायचा नाही, ठोकळ्यांना पाजायचा. चुना आणि राखेचे ठोकळे बंद खोलीत रचायचे, धुरातला कार्बन वायू त्यांच्यात मुरवायचा, की त्यांचा दगड होतो. म्हणजे पुस्तकात होतो. सदफच्या खोलीत तीनदा भुगा झाला होता.

मालक तात्यासाहेबांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, "सोमवारी मी स्वतः घण मारणार. ठोकळा फुटला, तर तुझी खोली भंगारात!"

सोमवारी ती उस्मानपुऱ्यातल्या घरून कारखान्यावर आली. गेटवर कडूबा मिस्त्री रडवेला उभा. पैठणकडचा माणूस, चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला; ठोकळे तोच पाडायचा.

"ताई, घात झाला. ह्या बारीला मला पाणी मारता आलं नाय."

"कसलं पाणी, मामा?"

"ठोकळ्याला! तुमी यायच्या आधी रोज दोनदा मारीत व्हतो, खोलीत जाईस्तवर. पर चार दिस नळ नाय, टँकर नाय. कोरडेच गेले बिचारे."

सदफनं कपाळावर हात मारला. पाणी मारू नका, असं सांगायचं तिला सुचलं नव्हतं. आणि मारायचं नसतं, हे कडूबाच्या सात पिढ्यांना सुचलं नसतं. पाण्यानं बारीक छिद्रं बुजली, तर वायू आत शिरणार कुठून? तीन वेळचा भुगा तिला एकदम समजला. ती हसत सुटली, हसता हसता खाली बसली.

"या अल्ला! मामा, आपलं नशीब त्या टँकरवाल्यानं उघडलं!"

तेवढ्यात तात्यासाहेब आले, खोलीतला एक ठोकळा अंगणात ठेवायला लावला आणि बाह्या सरसावल्या. घण पडला. ठण्ण! घण उसळला, साहेब दोन पावलं मागं, ठोकळा जागच्या जागी. दुसरा घाव. तिसरा. साहेबांचा सदरा घामानं भिजला, पण ठोकळ्याचा टवकासुद्धा उडाला नाही.

"अगं, हा तर फत्तर!" साहेब धापा टाकत ओरडले. "खोली राहू दे. अजून दोन बांध!"

सदफनं कडूबाचे हात धरून अंगणात गरागरा दोन फेऱ्या घेतल्या. म्हातारा लाजला, टोपी पडली, तरी फिरला. तिला इतका आनंद झाला होता की धुराड्यालाही मिठी मारावी.

एवढ्यात कोपऱ्यातला नळ फुसफुसला. चार दिवसांनी पाणी आलं होतं. कडूबाचे पाय आपोआप तिकडं वळले. मग तो थबकला, पाइप गुंडाळला आणि सदफच्या हातात दिला.

"हा कुलपात ठिवा, ताई. माझ्या हाताचा काय भरोसा नाय."