सोनेरी खूण

सातपाटीत मासे विकणाऱ्या प्रत्येक बाईच्या टोपलीवर रंगाची खूण असते. माझी हिरवी रेघ, जमनाचे दोन पिवळे ठिपके. बंदरावरच्या गर्दीत टोपली बदलली तर खूण दाखवायची, वाद संपला. तीस वर्षांत माझी एक टोपली गेली नाही. माणसांवर विसंबले असते तर डोक्यावर नुसती चुंबळ उरली असती.

त्या दिवशी बोईसरहून भावेश आला, माझ्या लेकीच्या, उन्नतीच्या, कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्ड बसवायला. तारापूरच्या एका कारखान्याने तिला नोकरीसाठी परीक्षा म्हणून यंत्राचं एक ड्रॉइंग करायला दिलं होतं. संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचं होतं आणि ते उघडलं की कॉम्प्युटर अडकून बसायचा. नवं कार्ड तिने आदल्या दिवशीच आणून ठेवलं होतं. ते चाललं तर नोकरी, नाहीतर पुन्हा घरी. पोरगी सकाळपासून जेवली नव्हती. मला बघवत नव्हतं.

भावेश चाळिशीचा, गोड बोलणारा. गोड बोलणारी माणसं मला आवडत नाहीत. पालघरच्या असल्याच एका गोड माणसाने माझ्या मिक्सरची मोटार काढून जुनी घातली होती. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं. मी स्टूल ओढून त्याच्या शेजारीच बसले. त्याने कॉम्प्युटरच्या पेटीचं झाकण काढलं, ब्रशने धूळ झटकली, तोच दारात जमना सुकट मागायला आली. दोन मिनिटांत मी परतले, तर कार्ड आत बसलेलं आणि याच्या पिशवीची चेन बंद. मघाशी उघडी होती!

त्याने बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा मात्र काळाच. त्याने कार्ड काढून पुन्हा बसवलं. तरी काळाच.

"कार्डच धरत नाय, मावशी. दुकानात नेऊन बघतो."

"नेतोस कुठं?" माझा आवाज अख्ख्या आळीत गेला. "नवं तू पिशवीत घातलंस नि जुनं आत बसवलंस. पिशवी उघड आधी!"

"आई, गप! दोन वाजलेत," उन्नती रडकुंडीला आली.

भावेशचा चेहरा उतरला. त्याने पिशवी जमिनीवर उपडी केली. स्क्रू ड्रायव्हर, स्क्रूंची डबी, वायरी, जेवणाचा डबा. डबासुद्धा त्याने उघडून दाखवला. भाजी-चपाती होती, अजून खायची राहिलेली. पण एवढ्यावर पटायला मी काय कालची पोर आहे?

"मी कार्डावर खूण करून ठेवलीय," मी म्हटलं. "काढ भायेर. ती नसली तर बघते तुला."

आदल्या दिवशी उन्नती अंघोळीला गेली तेव्हाच मी तिची सोनेरी नेलपॉलिश घेतली होती. कार्डाच्या खालच्या कडेला बारीक सोनेरी पट्ट्या असतात, त्यांच्यावरच लावली. सोन्यावर सोनेरी, ज्याला ठाऊक त्यालाच दिसणार. स्वतःच्या हुशारीवर मी भारी खूश होते.

भावेशने कार्ड काढून दिलं. मी ते खिडकीपाशी धरलं. खूण होती.

"हाय! आपलंच हाय कार्ड," मी म्हटलं. माझा जीव भांड्यात पडला.

भावेशने कार्ड हातात घेतलं आणि कडेवरून नख फिरवलं. सोनेरी पापुद्रा निघाला.

"मावशी, कार्ड इथूनच जोडलं जातं," तो हळूच म्हणाला. "तुमी त्याच्यावरच रंग लावलाय."

उन्नती माझ्याकडे नुसती बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. मग उठून तिने नेलपॉलिश पुसायचं औषध आणि कापूस आणला. भावेशने एकेक पट्टी पुसली, वाळू दिली, कार्ड दाबून बसवलं. पडदा उजळला. उन्नती लगेच कामाला लागली.

भावेश खाली बसून सांडलेले स्क्रू वेचत होता.

"पापलेट तळते, जेवून जा," मी म्हटलं.

"नको, मावशी. डबा हाय."

दाराशी जाऊन तो वळला. पिशवीची चेन पुरती उघडून त्याने ती माझ्यासमोर धरली.

"बघून घ्या."

त्यात टोमणा नव्हता. मी खरंच बघावं म्हणून तो थांबला होता.