दोन शेपट्यांचा फोटो

दादा गेला त्या दिवशी धाकट्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. नंतरही नाही. "अरे, मन मोकळं कर," असं जो येई तो सांगे, जणू मनाला चेन असते आणि ती याने मुद्दाम गळ्यापर्यंत ओढून घेतली आहे. तो जेवत होता, झोपत होता, वेळेवर चष्म्याचं दुकान उघडत होता. "आता नीट दिसतंय का?" हे गिऱ्हाइकाला विचारतानाचा आवाजही नेहमीचाच. "दगड आहे मेला," असं मावशी स्वयंपाकघरात कुजबुजली, तेही त्याने ऐकलं. त्याला ते पटलंसुद्धा.

डोक्यात एकच काम होतं, धूमकेतूचा फोटो. आकाशाचं वेड दोघा भावांना मिळूनच लागलेलं. या धूमकेतूची दादाने वर्षभर वाट पाहिली आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसू लागायच्या आधीच दादा दुकानातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला. "दोन्ही शेपट्या यायला हव्यात," असं तो येताजाता बजावायचा. धुळीची पांढरी शेपटी कुणीही टिपतो. वायूची निळी फार फिकी, त्यामुळे ढीगभर फोटो काढून संगणकावर एकावर एक चढवावे लागतात. इतके दिवस ढगांनी ठाण मांडलं होतं. आज आकाश धुतल्यासारखं निघालं, उद्यापासून पुन्हा ढग सांगितले होते, आणि ते हटेपर्यंत धूमकेतू विझत जाणार होता. आज जमलं नाही तर दादासाठी करण्यासारखं काहीच उरणार नव्हतं.

दिवस मावळताच तो गच्चीवर गेला. "मी थांबू का, भाऊजी?" वहिनीने विचारलं.

"नको. झालं की बोलावतो."

त्याने तिकाटणं रोवलं. ताऱ्यांबरोबर कॅमेरा हळूहळू फिरवणारी मोटर त्यावर बसवली. मग भिंगापुढे पुठ्ठ्याची जाळी अडकवली. या जाळीतून ताऱ्याला काटे फुटलेले दिसतात, आणि मधला काटा बरोबर मध्यावर आला की फोकस पक्का. तो पहिल्याच फटक्यात जमला. धूमकेतू चौकटीत घेऊन त्याने कॅमेरा आपोआप फोटो काढायला लावला, बॅटरी वाचावी म्हणून पडदा बंद केला आणि पालथ्या बादलीवर जाऊन बसला.

खाली सगळी गल्ली मोबाइल उंचावून उभी होती. समोरच्या छपरांवर धूमकेतू लख्ख दिसत होता, शेपटी वर करून. 'छान आहे,' तो मनाशी म्हणाला. गिऱ्हाइकाने फ्रेम चढवून पाहिली की तो असंच म्हणायचा. आत काहीच हललं नाही.

धूमकेतू छपरांआड गेल्यावर त्याने सामान खाली आणलं, वहिनीला हाक मारली आणि संगणक लावला.

पहिला फोटो उघडला. एकूण एक ताऱ्याला काटे होते. धूमकेतूच्या डोक्यालाही, आणि शेपटी तर तीनदा छापल्यासारखी फरकटलेली. दुसरा तसाच. शेवटचाही तसाच.

"हे काटे कसले हो?" वहिनीने विचारलं.

"जाळी राहिली. काढायची राहिली."

असं कसं झालं, हे त्याला बसल्या जागी उमगलं. इतक्या वर्षांत जाळी त्याने कधी काढलीच नव्हती. तो फोकस करायचा आणि बाजूला व्हायचा, मग दादा पुढे होऊन ती काढायचा. हे काम कुणी वाटून दिलं नव्हतं, तशी सवयच पडून गेली होती. आजही फोकस झाल्यावर तो बाजूला सरकला होता, दादाला जागा करून द्यायला.

"आता नीट नाही का करता येत?"

"नाही." तो पडद्याकडेच बघत होता. "दादाने गल्ली डोक्यावर घेतली असती. गाढवा, म्हणाला असता."

त्याने मान वळवून वहिनीकडे पाहिलं.

"तुम्ही तरी म्हणा ना, वहिनी."

लग्न होऊन आल्यापासून ती त्याला एका शब्दाने कधी बोलली नव्हती. तिने पदर तोंडाला लावला, पुन्हा काढला.

"गाढव आहात तुम्ही, भाऊजी," ती म्हणाली. "अगदी गाढव आहात." दुसऱ्या वेळी तिचा आवाज कातर झाला.

"आहेच मी," तो म्हणाला, आणि टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडू लागला.