सात तासांचा फोटो

धाकटीचा कॅमेरा म्हणजे बिस्किटांचा रिकामा डबा. आतून काळा रंग, पोटाला सुईच्या टोकाएवढं भोक, भोकावर काळी चिकटपट्टी आणि आत फोटोचा कागद. 'लोकांची घरं' या आपल्या फोटोमालिकेसाठी तिने असे बारा डबे ओळखीपाळखीच्या घरांत ठेवले होते. सकाळी पट्टी काढायची, संध्याकाळी लावायची, बस्स. दिवसभराचा उजेड त्या भोकातून आत झिरपतो आणि घर कागदावर उतरतं.

माणसं मात्र उतरत नाहीत, कारण माणसं एका जागी टिकतात कुठे? शिंप्याच्या सात जणांच्या घरात एकही जीव दिसला नव्हता. खुर्चीवरचा घडी न घातलेल्या कपड्यांचा ढीग तेवढा ठसठशीत आला होता, आणि त्यावरून शिंप्याची बायको आठवडाभर नवऱ्याला बोलत होती. ही सगळी भानगड समजावत बसायचा धाकटीला कंटाळा. ती सरळ सांगून टाकायची, "काळजी नको, यात माणसं येत नाहीत." हलली नाहीत तर येतात, हे पुढचं वाक्य ती खुशाल गिळून टाकायची. सात तास कोण कशाला पुतळ्यासारखं बसेल?

ताईलाही तिने तेच सांगितलं होतं. ताई आधी आढेवेढे घेत होती. मग "खरंच माणसं येत नाहीत ना?" असं दोनदा विचारून तयार झाली. काल तिने डबा परत दिला.

"दहाला ग्रंथालयात कामावर जाताना पट्टी काढली, पाचला आल्यावर लावली," ती हसून म्हणाली. "काम चोख केलंय हं तुझं."

आज दुपारी धाकटीने न्हाणीघराची खिडकी जाड कापडाने झाकली, लाल दिवा लावला आणि ताईचा कागद रसायनाच्या ट्रेमध्ये सोडला. आधी खिडकी उमटली. या कागदावर सगळं उलटं येतं, उजेड काळा आणि अंधार पांढरा. मग टेबल, फडताळ, भिंतीवरचं घड्याळ. काटे फिरत राहिल्यामुळे घड्याळाची नुसती तबकडीच आली होती. मग फ्रिजशेजारी जमिनीवर काहीतरी दिसू लागलं. धाकटीला वाटलं, पिठाचं पोतं असेल. पोत्याला गुडघे आले. गुडघ्यांवर हात आले. मग तोंड.

"अगं बाई, ताई!" धाकटी हसायला गेली, आणि मग कागदावर वाकून पुन्हा बघू लागली.

साडीचा काठसुद्धा ओळखू येत होता. पाच-दहा मिनिटं बसलेल्या माणसाची यात सावलीही उरत नाही, हे धाकटीइतकं कुणाला ठाऊक? इतकं स्वच्छ यायचं तर तासन् तास जागचं हलायचं नाही. पाण्याला उठायचं नाही, कूस बदलायची नाही.

बाबा असेच बसायचे, गॅलरीतल्या खुर्चीत. 'दमलेत, बसू दे' म्हणत सगळ्यांनी दोन महिने घालवले. मग एका दुपारी, घरी कोणी नसताना, बाबांनी स्वतःचा जीव घेतला. आत्ताही दुपारच होती आणि भावोजी रात्री आठशिवाय घरी येत नसत.

तिने ताईला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. मग ग्रंथालयात लावला.

"त्या होय?" पलीकडचे गृहस्थ म्हणाले. "त्यांनी चार महिन्यांपूर्वीच काम सोडलं. घरी बोलल्या नाहीत का?"

धाकटी दिवा न विझवता, दार न लावता पळत सुटली. दोन गल्ल्या आणि तीन जिने. हात रसायनाने ओलेच होते. देवा, उशीर नको, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

बेल दाबली. काही नाही. फोन लावला तर तो दाराच्या आतच वाजला. तिने दोन्ही हातांनी दार बडवलं.

"ताई, आत आहेस ते कळलंय मला. उघड! मी जाणार नाहीये इथून. शेजारपाजार गोळा करीन, सांगून ठेवते!"

आतून काहीतरी घसटल्याचा आवाज आला. मग खूप वेळ काहीच नाही. मग कडी निघाली.

ताई बाहेर जायच्या साडीत होती, खांद्याला पर्स. धाकटीने तिला मिठी मारली ती पडू नये म्हणून, की आपण पडू नये म्हणून, तिचं तिलाच कळेना.

"बेल ऐकू येत होती गं," ताई म्हणाली. "उठताच येईना. तू गेलीस तर बरं, असं वाटत होतं. आणि खरंच गेलीस तर, म्हणून घाबरलेही होते."

"रोज असंच?"

"रोज आवरते. स्वयंपाक करते, साडी नेसते. हे गेले की पाय गळतात. संध्याकाळी पुन्हा उठते."

"कशाची भीती वाटते, ताई?"

ताईने खांद्यावरची पर्स काढून खाली ठेवली. "माझीच," ती म्हणाली. "एकटी असले की मला माझीच भीती वाटते."

धाकटीने तिचा हात धरला. "मलाही वाटतेय," ती म्हणाली. "म्हणून आत्ताच डॉक्टरांकडे जायचं."

"ह्यांना नको सांगूस."

"सांगणार. तुझ्यासमोर फोन करणार. यापुढे या घरात तू एकटी राहायचं नाहीस, मग मला इथे बिछाना टाकावा लागला तरी चालेल."

तिने भावोजींना फोन केला, मग खाली बसून ताईच्या पायात चपला घातल्या. ताईने पाय मागे घेतला नाही.

"हात सोडू नकोस हं," जिन्यापाशी ताई म्हणाली.

धाकटीने सोडला नाही.